जालन्याहून अमृतसर, पॉइंटांवर

माझा भाचा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे आणि टेंभुर्णीत राहतो. ही टेंभुर्णी जाफराबाद तालुक्यातली, जालना जिल्ह्यातली. बाहेरच्या माणसाला सोलापूरकडची टेंभुर्णीच आधी आठवते, म्हणून बँकेच्या अर्जात पत्ता भरताना तो पिनकोड दोनदा वाचतो. घरात सहा माणसं: आईवडील, नवराबायको, दोन मुलं. दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यांनी अमृतसरला जायचं, तेही एसी डब्यातून, आणि तिकिटांचा जमेल तेवढा भाग क्रेडिट कार्डाच्या पॉइंटांतून काढायचा, असा त्याचा बेत. गाडी सोयीची आहे. नांदेडहून सुटणारी सचखंड एक्स्प्रेस जालन्याला थांबते आणि भोपाळ, दिल्ली करत थेट अमृतसरला पोचवते. वाटेत काही स्थानकांवर लंगरही मिळतो.

हा बेत कागदावर कसा उतरतो ते पाहायला मी त्याच्याजवळ बसलो. त्याने वहीत महिन्याचा खर्च ओळीने मांडला होता: किराणा, दूध, पेट्रोल, लाइट बिल, मोबाइल, विम्याचा हप्ता, मुलांची फी, शेतीचं बी-खत. एकूण आकडा बऱ्यापैकी मोठा होता. मग आम्ही एकेका ओळीपुढे प्रश्न लिहायला लागलो, हे कार्डावर होतं का, आणि झालं तर पॉइंट मिळतात का?

दूध गेलंच, ते रोखीचं. किराण्याला आशा होती. सप्टेंबर २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, म्हणजे स्वाइप मशीन नसलेल्या दुकानातही क्यूआर स्कॅन करून कार्डातून पैसे देता येतात. पण त्याला व्यापाऱ्याचा क्यूआर लागतो. दुकानदाराने स्वतःच्या बचत खात्याचाच क्यूआर छापून काउंटरला चिकटवला असेल तर कार्ड तिथे चालत नाही, साधं बँक खातंच चालतं. बाजारपेठेतून चक्कर मारली तेव्हा कळलं की गावात असे घरगुती क्यूआर कमी नाहीत. ज्याच्याकडे पैसे आल्यावर बोलणारा डबा आहे, तो बहुधा व्यापारी खात्याचा. एवढी खूण पुरते.

बी-खताच्या दुकानात मशीन होतं. दुकानदार म्हणाला, “घ्या की सर, कार्ड घासा, फक्त दोन टक्के वर द्या.” असं वर घ्यायची मुभा त्याला नाही, हे भाच्याला ठाऊक होतं. पण ज्याच्याकडे हंगामात उधारीवर पोती उचलायची, त्याच्याशी नियमांवर वाद कोण घालणार? दोन टक्के देऊन एक टक्क्याहून कमी पॉइंट मिळवण्यात अर्थ नव्हता. ती ओळ त्याने खोडली.

पेट्रोलवर बहुतेक कार्डं पॉइंट देत नाहीत, एक टक्का अधिभार तेवढा माफ करतात. लाइट बिल आणि विमा यांवरचे पॉइंट बँका कमी करत आणल्या आहेत, काही कार्डांवर ते मुळीच नाहीत. बचत गटाचा हप्ता, देवळाची वर्गणी, मजुरी, गिरणी, या ओळी कार्डाच्या जगात नाहीतच. विमानतळावरच्या लाउंजमध्ये फुकट बसायला मिळतं, असं एका जाहिरातीत ठळक छापलं होतं. ते वाचून त्याची आई, म्हणजे माझी अक्का, म्हणाली, “आधी जाफराबादच्या स्टँडवर बसायला जागा मिळू दे.”

खोडाखोड झाल्यावर महिन्याला साधारण १५ हजार रुपये कार्डाजोगे उरले. शहरातला माणूस लाखाच्या खर्चावर पॉइंट मोजतो, इथे निम्मा खर्च आधीच गळतो.

कार्ड त्याने रेल्वेचंच निवडलं, आयआरसीटीसी आणि एसबीआयचं. विमान कंपन्यांची कार्डं त्याच्या कामाची नव्हती. या कार्डाच्या साध्या प्रकारात १२५ रुपयांच्या खरेदीला एक पॉइंट मिळतो आणि रेल्वे तिकिटाला एक पॉइंट म्हणजे एक रुपया. एसी तिकीट त्याच कार्डाने काढलं तर दहा टक्क्यांपर्यंत पॉइंट परत येतात. पहिल्या वर्षाची फी ५०० रुपये, जीएसटी धरून ५९०. आता हिशेब करा. महिना १५ हजारांवर १२० पॉइंट, वर्षाचे १,४४०. फी वजा जाता हाती ८५०. भाचा थोडा वेळ गप्प बसला.

मग त्याने मोठे खर्च शोधले. पुतणीच्या लग्नाचा बस्ता जालन्याला बांधायचा होता, आणि फ्रीजही जुना झाला होता. दोन्ही मिळून लाखाचा खर्च, म्हणजे ८०० पॉइंट. खरेदी बिलाची तारीख उलटल्यावर लगेच केली तर पैसे भरायला पन्नासेक दिवस मिळतात. अर्थात बस्त्याचे पैसे आधीच बाजूला काढलेले असावेत, हे त्याने स्वतःच वहीत अधोरेखित केलं. सहा जणांच्या तिकिटांवर मिळणारे दहा टक्के मात्र या यात्रेच्या कामाचे नाहीत. ते तिकीट काढल्यावर जमा होणार, म्हणजे पुढच्या यात्रेला.

इतका वेळ दाजी, म्हणजे भाच्याचे वडील, नुसते ऐकत होते. त्यांचं स्वतःचं कार्ड आहे, किसान क्रेडिट कार्ड. पीककर्ज उचलायचं पेरणीला आणि फेडायचं माल विकल्यावर. वेळेत फेडलं तर तीन लाखांपर्यंत व्याज माफ, कारण केंद्राच्या सवलतीवर राज्याची पंजाबराव देशमुख योजना उरलेलं व्याज भरते. त्यांनी एकच विचारलं.

“याचे पैसे कधी भरायचे?”

“दर महिन्याला, बाबा.”

“सोयाबीन दर महिन्याला येतं का?”

“माझा पगार येतो ना.”

“आणि पगार लांबला तर? खतवाला दिवाळीपर्यंत थांबतो. तुझी बँक किती थांबते?”

“तीन दिवस,” भाचा म्हणाला. ते खरं आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार बिल भरायची शेवटची तारीख उलटून तीन दिवस झाल्याशिवाय उशिराचा दंड लावता येत नाही. दाजी हसले आणि उठून गोठ्याकडे गेले.

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर आम्ही वहीतच काढलं. समजा २० हजारांचं बिल महिनाभर तसंच राहिलं. महिना साडेतीन टक्के धरले तर व्याज ७००, त्यावर जीएसटी १२६. झाले ८२६. रोजच्या खर्चातून वर्षभरात फी वजा जाता उरलेले ८५० रुपये एका महिन्याच्या हयगयीत जवळजवळ संपले. शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. बिलावर छापलेली ‘किमान रक्कम’ भरली की काम झालं असं पुष्कळांना वाटतं. तेवढ्याने दंड टळतो, व्याज चालूच राहतं. आणि सिबिल बिघडलं की त्याचा त्रास शेताला होतो. पीककर्जाला सिबिल पाहू नका असं सरकार बँकांना वारंवार बजावतं, आणि वारंवार बजावावं लागतं यातच काय ते आलं. भाच्याने पूर्ण बिल पगाराच्या खात्यातून आपोआप कापून जाण्याची सोय लावली, ती या हिशेबानंतर.

या सगळ्यात मला चुटपुट लागली ती वेगळ्याच गोष्टीची. मार्च २०२० पर्यंत रेल्वेत साठीच्या पुढच्या पुरुषांना ४० टक्के आणि अठ्ठावन्नच्या पुढच्या बायकांना ५० टक्के सवलत होती. ती कोरोनात बंद झाली, ती परत आलीच नाही. दाजी आणि अक्का दोघंही त्यात बसले असते, आणि त्या दोन तिकिटांवर वाचलेल्या पैशांपुढे वर्षभराचे पॉइंट कुठेच टिकले नसते. मुलांचंही तसंच. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धं तिकीट मिळतं, पण स्वतंत्र बर्थ हवा असेल तर २०१६ पासून पूर्ण भाडं द्यावं लागतं, आणि एवढ्या लांबच्या प्रवासात बर्थ नको म्हणणार कोण?

एसटीचं उलट आहे. १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट, आणि ६५ ते ७५ मधल्यांना निम्मं. ना फी, ना बिलाची तारीख, ना पॉइंट संपायची मुदत. ५० टक्के परत देणारं कार्ड मी तरी पाहिलेलं नाही. अक्का जालन्यापर्यंत त्याच निम्म्या तिकिटावर जाणार आहे.

रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी उघडतं, सकाळी आठला. त्या सकाळी पॉइंट आयआरसीटीसीच्या खात्याशी आधीच जोडलेले असावेत, आधार पडताळणी झालेली असावी, कारण दिवाळीत एसीच्या जागा भराभर जातात. भाच्याने फोनवर गजर लावून ठेवला आहे. पॉइंटांतून निघेल ते फार तर एका माणसाचं एका बाजूचं भाडं, बाकी सगळं पगारातून.

माझं मत विचाराल तर पगार ठरल्या तारखेला येतो त्या घराने एक कार्ड ठेवायला हरकत नाही. ज्या घरात पैसा सोयाबीन-कापसाच्या पट्टीतून येतो, त्याने यात्रेसाठी भिशी लावावी, पॉइंटांच्या नादी लागू नये. आणि कार्ड घ्यायचंच असेल तर अर्ज भरण्याआधी गावातल्या चार दुकानांत जाऊन विचारून या: कार्ड चालतं का, आणि वर किती घेता?