‘कबूल आहे’ म्हणण्याआधी

पैज लागलेली असते. मॉलमधल्या दुकानातून एक परफ्यूम बॅगेत सरकवायचा आणि काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं बाहेर पडायचं. किंमत बाराशे. खिशात तेवढे पैसे असतातही. दारातलं मशीन बोंबलतं आणि दहा मिनिटांत तुम्ही मागच्या खोलीत, सिक्युरिटीवाल्यांसमोर. ‘दहापट भर, नाहीतर पोलिसांना बोलावतो, कॉलेजात कळवतो.’

दंड ठोठावणं हे कोर्टाचं काम, दुकानाचं नाही. वस्तू परत करा, किंमत द्या. पण घाबरून कोऱ्या कागदावर सही करू नका. आणि घरी फोन करा. बाबा ओरडतील, ओरडू देत.

आता कायदा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३०३ नुसार चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. मात्र माल पाच हजारांच्या आतला असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्यानं वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. म्हणजे कोर्ट सांगेल ते लोकोपयोगी काम, बिनपगारी. असा गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. वॉरंटशिवाय पोलीस अटक करू शकत नाहीत.

हुश्श म्हणू नका. याच संहितेचं कलम ३०५ माल ठेवायच्या इमारतीतल्या चोरीसाठी आहे. त्यात सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांची सवलत नाही. दुकानातली चोरी या कलमात बसवली जाऊ शकते. म्हणून वकिलाला पहिला प्रश्न हाच: कलम कुठलं लागलंय?

मग येतं प्ली बार्गेनिंग. अमेरिकन सीरिजमध्ये सरकारी वकील कॉफी पिता पिता डील टाकतो, तसं आपल्याकडे नसतं. २००६ पासून आपल्याकडे ही सोय आहे, पण अर्ज आरोपीनंच करायचा, आरोप निश्चित झाल्यापासून तीस दिवसांत. न्यायाधीश आरोपीला बंद खोलीत विचारतात, स्वखुशीनं करतोयस ना? मग सरकारी वकील, पोलीस, दुकानदार आणि आरोपी बसून भरपाई ठरवतात. पहिलटकर आरोपीला कमाल शिक्षेच्या एक-षष्ठांश शिक्षा देता येते: ३०३ मध्ये सहा महिने, ३०५ मध्ये चौदा. कोर्ट चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर, म्हणजे प्रोबेशनवरही सोडू शकतं. वय एकविसाच्या आत असेल, तर १९५८ चा प्रोबेशनचा कायदा तुरुंग शक्यतो टाळायलाच सांगतो.

इथे पोरं फसतात. केस लवकर संपते म्हणून ‘मिटली’ असं वाटतं. मिटत नाही. प्ली बार्गेनिंगमध्ये तुम्ही दोषी ठरता आणि त्या निकालावर नेहमीसारखं अपीलही करता येत नाही. प्रोबेशन मिळालं तर शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागत नाही, पण दोषी ठरल्याची नोंद पुसली जात नाही. उद्या सरकारी नोकरीचा फॉर्म भरताना त्या रकान्यात काय लिहिणार?

म्हणून आधी दुसरं दार ठोठवा. चोरीचा गुन्हा तडजोडीनं मिटवता येतो, मात्र माफ करायचा अधिकार मालाच्या मालकाचा. तडजोड झाली की कायद्यानं तुम्ही निर्दोष सुटलेले असता. दोन्हीकडे भरपाई द्यावी लागू शकते, दोन्हीकडे मान खाली घालावी लागते. निकालपत्रावर फरक जमीन-अस्मानाचा. मोठ्या साखळी दुकानाचा मालक म्हणजे कंपनी, त्यामुळे मॅनेजरचं तोंडी ‘जाऊ दे’ पुरत नाही. कंपनीनं अधिकार दिलेला माणूस कोर्टात यावा लागतो. तो मिळवणं हे तुमच्या वकिलाचं खरं काम. कलम ३०५ लागलं असेल, तर हा रस्ता खुला आहे का, तेही त्यालाच विचारा.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत? जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं. मुलींना आणि कोठडीत असलेल्या कुणालाही उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. फोन नंबर १५१००. आणि अकरावी-बारावीतल्यांनो, अठरा पूर्ण नसतील तर यातलं बहुतेक तुम्हाला लागू नाही. तुमचं प्रकरण बाल न्याय मंडळासमोर जातं. वयाचा दाखला तेवढा आईला शोधून ठेवायला सांगा.