मेंदूला वीज, स्मरणाला बळ?

परीक्षा जवळ आली की स्मरणशक्ती वाढविणाऱ्या गोळ्या-टॉनिकांच्या जाहिराती सुरू होतात. आता त्यांत डोक्यावर बांधायच्या विजेच्या पट्ट्यांची भर पडली आहे. म्हणून विद्यार्थ्यांनी व पालकांनी या विषयामागील शास्त्र समजून घेणे अगत्याचे आहे.

२७ ला ६ ने तोंडी गुणताना आपण आधी १२० मनात धरून ठेवतो, मग ४२ काढतो आणि दोन्हींची बेरीज करतो. हे जे 'धरून ठेवणे' आहे, तिला कार्यस्मृती म्हणतात. ही पाटी फार लहान असते. एका वेळी चार-पाच गोष्टींपलीकडे तीवर मावत नाही. पाठांतराचे भांडार ते वेगळे. कार्यस्मृतीच्या कामात कपाळामागील मेंदूचा मोठा वाटा असतो.

या भागावर मिठाच्या पाण्यात भिजवलेले स्पंजचे इलेक्ट्रोड ठेवून एक ते दोन मिलिअँपिअर दिष्ट प्रवाह दहा-वीस मिनिटे सोडायचा, ही पद्धत. साध्या टॉर्चचा बल्ब याच्या शंभरपटीहून जास्त प्रवाह घेतो. मनोरुग्णांना भूल देऊन जे शॉक देतात, त्यांच्याशी याची गल्लत करू नये. येथे पेशींना झटका बसत नाही. धन इलेक्ट्रोडखालील पेशी उद्दीपित होण्यास थोड्या अधिक तयार होतात, इतकेच. जर्मनीतील गटिंगेन येथे निट्शे व पाउलुस यांनी २००० साली हा परिणाम हालचालींच्या केंद्रावर दाखवून दिला. २००५ मध्ये बोस्टन येथे पंधरा निरोगी व्यक्तींवर प्रयोग झाला. पडद्यावरील अक्षर तीन अक्षरांपूर्वीचेच आहे काय, हे ओळखायचे होते. प्रवाह चालू असताना उत्तरे अधिक अचूक आली.

पण पंधरा माणसे म्हणजे कितीशी? २०१५ साली असे अनेक प्रयोग एकत्र तपासले गेले, तेव्हा निरोगी माणसाच्या बुद्धीवर एका बैठकीचा भरवशाचा परिणाम आढळला नाही. यात एक अडचण अशी की बरीचशी वीज कातडी व कवटीतूनच निघून जाते. दुसरी मनाची. डोक्याला मुंग्या आल्या की माणसाला वाटते, काहीतरी होते आहे! म्हणूनच तुलनेच्या गटाला अर्धा मिनिट प्रवाह देऊन गुपचूप बंद करतात.

यापेक्षा आशादायक काम वृद्धांवर झाले आहे. बोस्टन विद्यापीठात २०१९ साली ६० ते ७६ वयाच्या व्यक्तींना, मेंदूच्या स्वतःच्या लहरींशी जुळवून घेतलेला प्रत्यावर्ती प्रवाह पंचवीस मिनिटे दिला. त्यांची कार्यस्मृती विशीतल्या तरुणांच्या बरोबरीला आली आणि पुढे पन्नास मिनिटे तशीच राहिली. २०२२ मध्ये तेथेच १५० वृद्धांवर चार दिवस, रोज वीस मिनिटे प्रयोग केला. शब्दांची यादी आठवण्यातील सुधारणा महिनाभर टिकली. अर्थात हे सारे प्रयोगशाळेत, तज्ज्ञांच्या नजरेखाली.

घरी सेल व तारा जोडून असे करणाऱ्यांसाठी ३९ संशोधकांनी २०१६ साली जाहीर पत्रच काढले. प्रवाह ठरल्या जागीच थांबत नाही, आसपास पसरतो. एक क्षमता वाढताना दुसरी घटू शकते. त्याच यंत्राचा परिणाम दोघांवर वेगवेगळा होतो. इलेक्ट्रोड कोरडा पडला तर कातडी भाजते. ज्यांना फिट येतात किंवा ज्यांच्या डोक्यात शस्त्रक्रियेने धातू बसविला आहे, त्यांनी मेंदूच्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज अशी पट्टी डोक्याला लावूही नये.