पावसाचा हिशेब ठेवणारा सायमन्स

दुधाचा, कापसाचा, मजुरीचा हिशेब आपण चोख ठेवतो. पण शिवारात पाऊस किती पडला, असे विचारले तर उत्तर येते, 'बक्कळ झाला' नाहीतर 'शिंतोडे आले'. एवढ्यावरच पेर करायची आणि ओल तुटली की दुबार पेरणीचा खर्च सोसायचा!

पावसाचा हिशेब आयुष्यभर ठेवणारा एक माणूस इंग्लंडात होऊन गेला. जॉर्ज जेम्स सायमन्स त्याचे नाव. जन्म लंडनचा, १८३८ सालचा. १८५० नंतरच्या काही वर्षांत तिकडे पाऊस कमी झाला आणि पाण्याची चिंता लागली. पाऊस खरेच घटतो आहे का, हे सांगायला देशभराच्या नोंदी एकत्र नव्हत्या. सायमन्सने हे काम अंगावर घेतले. १८६० सालासाठी त्याने १६८ ठिकाणच्या नोंदी जमवून छापल्या. पुढे यासाठी सरकारी हवामान खात्यातली नोकरीही सोडली.

नोंदी पाठवणारी माणसे पगारी नव्हती. आपापल्या अंगणात पाऊस मोजणारी ती हौशी मंडळी होती. सायमन्सने त्यांना एकसारखे नियम घालून दिले, १८६६ पासून मासिक काढले, आणि पाऊस कसा, केव्हा, कुठे व का मोजायचा हे सांगणारे छोटे पुस्तक १८६७ साली लिहिले. १९०० साली तो वारला, तेव्हा मोजणीची ठिकाणे तीन हजारांवर गेली होती.

त्याच्या नावाचा पर्जन्यमापक आपल्याकडेही आला. तालुक्याच्या कचेरीच्या आवारात वर्षानुवर्षे दिसणारे, १२७ मिलिमीटर तोंडाचे पत्र्याचे नळकांडे ते हेच. त्याचे तोंड जमिनीपासून साधारण एक फूट उंच असते.

पण पाऊस काही तालुका बघून पडत नाही. एका शिवारात धो धो, तर ओढ्यापलीकडे कोरडे! म्हणून आपल्या रानातला पाऊस आपणच मोजावा. तोंड आणि बूड एकाच मापाचे असलेला, सपाट तळाचा सरळ डबा घ्या. तो उघड्यावर पक्का रोवा. झाड किंवा घर जेवढे उंच, त्याच्या दुप्पट तरी लांब ठेवा. छपरावर ठेवू नका, उंचावर वाऱ्यामुळे थेंब तोंडाबाहेर जातात. रोज सकाळी साडेआठला पट्टी उभी बुडवून मिलिमीटर वाचा, वहीत लिहा आणि डबा रिकामा करा. पाऊस नसेल तर शून्य लिहा. मोजायचे राहिले तर जागा कोरी सोडा, अंदाजाने आकडा भरू नका. बारीक सरीचे माप पट्टीने नीट येत नाही, पण मोठ्या पावसाला हा डबा कामाचा.

आता याचा उपयोग काय? एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी सुमारे चार हजार लिटर पाणी. जिरायत खरिपाची पेर साधारण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्यावर करावी, असे सांगतात. वहीतली बेरीज तेवढी झाली का, ते पाहा. मग हातभर उकरून ओल तपासा, वापसा येऊ द्या आणि मगच तिफण जुंपा.

ही वही सरकारी नोंदीची जागा घेणार नाही. पण बियाण्याची पिशवी फोडायची की चार दिवस थांबायचे, हे ठरवताना शेजाऱ्याच्या पेरणीपेक्षा आपल्या रानातला आकडा खरा.