चोरी करावी का? आणि का?

हाइन्झची पत्नी कर्करोगाने मरणाच्या दारात आहे. जे औषध बनवायला २०० डॉलर लागतात, त्याचे औषधविक्रेता २,००० मागतो. हाइन्झकडे जेमतेम १,००० जमतात. त्याने औषध चोरावे का? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्ग यांनी १९५८च्या आपल्या पीएचडी प्रबंधासाठी असे पेच मुलग्यांपुढे ठेवले. उत्तर ‘हो’ की ‘नाही’, यापेक्षा त्यामागचे कारण त्यांनी तपासले.

त्यातून नैतिक विचारांचे तीन स्तर पुढे आले. प्रत्येकात दोन टप्पे. पहिल्या स्तरावर शिक्षेची भीती आणि स्वतःचा फायदा. दुसऱ्यावर लोकांच्या नजरेतला चांगुलपणा आणि कायद्याची चाड. तिसऱ्यावर सर्वांचे हक्क आणि स्वतः पारखून स्वीकारलेली न्यायाची तत्त्वे. ‘पकडला जाईल’ आणि ‘सगळ्यांनीच कायदा मोडला तर समाज कसा चालेल?’ ही दोन्ही उत्तरे चोरीला नकारच देतात. पण त्यांच्यामागच्या विचारांत मोठे अंतर आहे.

कोलबर्ग यांच्या या अभ्यासात मुली नव्हत्या. मानसशास्त्रज्ञ कॅरल गिलिगन यांनी १९८२ मध्ये नेमके यावरच बोट ठेवले. न्यायाइतकीच आपुलकी आणि नात्यांची जबाबदारीही नीतीचा पाया आहे, असे त्यांनी मांडले.

नैतिक विचार उत्तरापेक्षा त्यामागच्या कारणात दिसतो. म्हणून मुलांना ‘खोटे बोलू नकोस’ एवढेच सांगून थांबू नका. ‘का नको?’ हेही विचारा आणि त्यांचे उत्तर पूर्ण ऐकून घ्या.