आगीत आधी रोबो जाऊ दे

मी बोलतोय नागपुरातून. देशभरातले फायर ऑफिसर घडवणारं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आपल्या इथलंच. मग रोबो कशाला हवा?

9 मे 2015 आठवा. मुंबईत काळबादेवीची जळती इमारत कोसळली. अग्निशमन दलाचे चार अधिकारी त्या आगीत गेले. अशा ठिकाणी माणसाऐवजी मशीन आत जावं. ऑपरेटर लांब उभा, हातात रिमोट. धुरात थर्मल कॅमेरा उष्णता दाखवतो.

खरी अडचण पाइपची! 63 मिलिमीटर व्यासाच्या, 30 मीटर लांब होजमध्ये नुसतं पाणीच 90 किलोच्या वर. ते ओढायला रोबोही वजनदारच लागतो. असं धूड महाल-इतवारीतले अरुंद जिने कसं चढणार? म्हणून मी म्हणतो, डिझाइनची सुरुवात जिना मोजण्यापासून करा.