विहिरीवरचे इंजिन, रस्त्यावरची मॅटाडोर

सातारा-सांगलीकडच्या शेतकऱ्याची आणि डिझेलची पहिली ओळख झाली ती विहिरीच्या काठावर. मोट थांबली, बैलांची जोडी नांगरटीपुरती उरली, आणि थारोळ्यापाशी चार पत्र्यांच्या छपराखाली पट्ट्याने पंप फिरवणारे इंजिन धापा टाकू लागले, तेव्हा त्या आवाजावरून आज कोणाच्या मळ्यात पाणी चालू आहे, हे मैलभरावरून ओळखण्याची विद्या गावोगाव कोणी न शिकवता पसरली. साताऱ्यात सर धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात नांगरांच्या जोडीने डिझेलवर चालणारी इंजिने घडू लागली होती. १९३७ साली काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधानपद ज्यांनी सांभाळले, तेच हे कूपर. तिकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या निवडुंगी माळावर १९१० साली जी वसाहत वसविली आणि जी आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात मोडते, त्या किर्लोस्करवाडीतून नांगर आणि पंप साऱ्या मुलखात जात होते. या दोन कारखान्यांच्या छायेत, आणि पुढे त्यांच्या छायेबाहेरही, तालुक्याच्या बाजारपेठांतून असा एक मिस्त्रीवर्ग उदयास आला की ज्याला पुस्तकी शास्त्राचा गंध नसला तरी इंजिनाच्या डोक्याला कान लावून नोझल बिघडले की व्हॉल्व्ह, हे अचूक सांगता येई.

हे सारे प्रथम सांगण्याचे कारण असे, की मॅटाडोर नावाची बसक्या नाकाची, चौकोनी डिझेल गाडी जेव्हा या भागात आली, तेव्हा तिला परक्या मुलखातील पाहुण्यासारखे बिचकत राहावे लागले नाही. तिचे पोट उघडून पाहणारी माणसे तिच्या आधीच येथे तयार होती.

गाडी मूळची जर्मन वंशाची. अहमदनगरचे स्वातंत्र्यसैनिक आणि वकील नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने १९५८ साली बजाज टेम्पो ही कंपनी उभी राहिली आणि जर्मनीतील टेम्पो कारखान्याच्या सहकार्याने तिने प्रथम तीनचाकी मालगाडी काढली. त्या गाडीने मराठी भाषेला जे एक सामान्यनाम देऊन टाकले, ते इतके रुळले की आज कोणत्याही कारखान्याची लहान मालगाडी दारात उभी राहिली तरी आपण ‘टेम्पो आला’ असेच म्हणतो. त्याच कंपनीची चारचाकी मॅटाडोर १९६९ साली बाजारात आली आणि पुण्याजवळच्या आकुर्डीतून निघून पुणे-बंगळूर रस्त्याने खंबाटकीचा घाट ओलांडीत साताऱ्यात, कऱ्हाडात, पेठनाक्यावरून इस्लामपूर-सांगलीत पसरली. पुढे १९८०च्या दशकात मर्सिडीज-बेंझच्या परवान्याने कंपनीने जे चार सिलिंडरांचे, २.४ लिटरचे ओएम ६१६ इंजिन येथे बनवायला घेतले, तेच मॅटाडोरला आणि तिच्या धाकट्या भावंडाला, म्हणजे ट्रॅक्सला, बसविण्यात आले. जर्मनीत ज्या मर्सिडीज मोटारींच्या टॅक्सी या इंजिनावर लाखो किलोमीटर धावल्या, त्यांचे काळीज आपल्याकडे कांद्याची पोती आणि लग्नाचे वऱ्हाड वाहू लागले, ही गोष्ट त्या पोत्यांवर बसलेल्यांपैकी कोणाच्या गावीही नसेल.

आता या इंजिनाची काटकसर नेमकी कशात आहे, ते पाहू. पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि इंधन यांचे मिश्रण ठिणगीने पेटवावे लागते. डिझेलच्या इंजिनात ठिणगीला स्थानच नाही: आत घेतलेली हवा मूळ आकारमानाच्या सुमारे विसाव्या-एकविसाव्या हिश्शात दडपली जाते, त्या दडपणाने ती इतकी तापते की नोझलमधून तिच्यात फवारलेले डिझेल स्वतःच पेट घेते. दाब जितका अधिक, तितका उष्णतेचा मोठा हिस्सा कामी लागतो आणि थोडा वाया जातो. शिवाय लिटरमागे डिझेलमध्ये ऊर्जाही पेट्रोलपेक्षा काहीशी जास्त. या दाबाला तोंड देण्यासाठी इंजिनाचा प्रत्येक भाग जाडजूड, वजनदार करावा लागतो. म्हणून ते सुरू होताना थरथरते, खडखडते, चढावर रडते, पण नेमाने तेल बदलले तर पिढीभर टिकते. कडाक्याच्या थंडीत ते प्रथम मुळीच जुमानत नाही, म्हणून चावी अर्धी फिरवून ‘हीटर’ द्यावा लागतो. आणि डिझेल पार संपेपर्यंत गाडी चालवली तर नळ्यांत हवा शिरते, त्याला आपल्याकडे ‘गाडीनं एअर घेतली’ म्हणतात. मग भर रस्त्यात बोल्ट सैल करून, हातपंप मारून, बुडबुडे संपून निखळ डिझेल येईपर्यंत ती हवा काढीत बसावे लागते. विहिरीवरच्या इंजिनाला हेच सोपस्कार लागत असल्याने मळ्यातल्या पोरालाही ते ठाऊक असत.

तथापि केवळ लिटरमागे किती किलोमीटर, एवढ्यावरून या गाडीची किफायत मोजणारा मनुष्य अर्धाच हिशेब मांडतो. मॅटाडोरची पुढची चाके ओढणारी होती. त्यामुळे मागच्या चाकांपर्यंत शक्ती नेणारा दांडा गाडीच्या पोटाखालून न्यावा लागत नसे, आणि तिचा तळ इतका ठेंगणा राही की म्हातारी माणसे पायरी न चढता आत येत आणि पोती खांद्यावरून थेट आत सरकवता येत. या एका रचनेमुळे ती एकाच वेळी प्रपंचाची आणि व्यापाराची गाडी झाली. आठवड्याचे पाच दिवस तासगावची द्राक्षे, सांगलीच्या पेठेत जाणारी हळद आणि बेदाणा, वाई-कोरेगावकडचा भाजीपाला, भल्या पहाटे संकलन केंद्रावर पोचणारे दुधाचे कॅन. शनिवारी मिरजेच्या दवाखान्यात न्यावयाचा घरचा रुग्ण. आणि यात्रेच्या दिवशी मांढरदेवी, पाली, जोतिबा. चैत्रात तर बाके बाहेर काढून, पोत्यांवर सतरंजी अंथरून, त्यावर आख्खी भावकी बसलेली मी पाहिली आहे. मालाच्या गाडीतून माणसे नेणे कायद्याला मंजूर नाही, हे त्यांना ठाऊक होते आणि नाक्यावरच्या हवालदारालाही. मिरज जंक्शनवर उतरणारी विटा-आटपाडीकडच्या गलाई व्यावसायिकांची कुटुंबे, केरळ-तमिळनाडूत सोन्याचांदीच्या भट्ट्यांवर मिळवलेला पैसा आणि वर्षाची ओढ घेऊन, अशाच गाड्यांतून आपापल्या माळावरच्या गावी पोचत. ज्या घरात एक मोटार घेण्याची ऐपत नव्हती, तेथे तिघा भावांच्या सामाईक नावाने ही गाडी येई, आणि चुलीचे विभाजन झाले तरी गाडीचे होत नसे.

दोष नव्हते असे नाही; वस्तुतः जो गुण तोच घाटात अवगुण ठरे. चढावर भार मागे सरकतो, पुढची चाके हलकी होतात, आणि ओढायचे काम नेमके त्यांच्याचकडे. पावसाळ्यात चिपळूणहून पाटणला चढणाऱ्या कुंभार्ली घाटात किंवा वाईहून पाचगणीला चढणाऱ्या पसरणी घाटात निसरड्या झालेल्या वळणावर गाडी जागच्या जागी चाके घासू लागली की चालक ओरडे, “म्होरं या, म्होरं या, दोघंतिघं म्होरं बसा!” आणि चालकाशेजारी इंजिनाच्या पेटाऱ्यावर गोणपाट टाकून माणसे बसवली की गाडी पुन्हा वर सरके. त्या पेटाऱ्यावरची ऊब थंडीत मोठी सुखकर आणि वैशाखात असह्य होई. कऱ्हाड-पाटणच्या प्रवासात मी ती दोन्ही हंगामांत अनुभवली आहे. महाबळेश्वराला वर्षाकाठी सुमारे सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि माण-आटपाडीत पाचशेही कष्टाने. दोन्ही टोकांना हीच एक गाडी चिखलात आणि फुफाट्यात चालत असे.

विसाव्या शतकाबरोबर मॅटाडोरचे उत्पादन संपले आणि २००५ साली कंपनीचे नावही फोर्स मोटर्स झाले. त्याच वर्षी पुण्यातच टाटांनी दोन सिलिंडरांची, सुमारे सातशे सीसीची, पाऊण टनाची एस गाडी काढली. लोकांनी तिचे ‘छोटा हाथी’ असे बारसे केले आणि तिच्या मागोमाग माणसे वाहणारी मॅजिक आली. ट्रॅक्स, टाटा सुमो, जीप आणि मॅजिक यांनी मिळून या जिल्ह्यांत जी समांतर वाहतूक उभी केली तिला आपण वडाप म्हणतो. १९४८ साली सुरू झालेली एसटी जेथे दिवसातून दोनदा जाते तेथे वडाप दर अर्ध्या तासाला जाते, पण भरल्याशिवाय हलत नाही. परवान्याच्या दृष्टीने त्यातली किती वाहतूक रीतसर, हा प्रश्न तहसिलापासून विधानसभेपर्यंत अधूनमधून उठतो आणि पुढच्या वडापाने निघून जातो.

डिझेलच्या या राज्याला एक आधार सरकारी दराचा होता. शेती आणि मालवाहतूक यांना झळ नको म्हणून डिझेल कित्येक दशके पेट्रोलपेक्षा स्वस्त राखले गेले. २०१२ साली ही तफावत लिटरमागे वीस रुपयांहून अधिक होती. समजा, एका दूधवाल्याला रोज साठ किलोमीटर जावयाचे आहे. डिझेलची गाडी लिटरला बारा किलोमीटर आणि पेट्रोलची दहा जाते. डिझेल पंचेचाळीस रुपये आणि पेट्रोल सत्तर. पहिल्याचा खर्च दोनशे पंचवीस, दुसऱ्याचा चारशे वीस. महिन्याच्या पंचवीस फेऱ्यांत पावणेपाच हजारांहून अधिक बाकी उरते, आणि तेवढ्यावर एखाद्या घरचे वाणसामान भरत असे. पेट्रोलचे दर २०१० साली आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४मध्ये सरकारी बंधनातून मुक्त झाल्यावर ही दरी पुष्कळ भरून निघाली. त्यातच १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांसाठी लागणारी धूर गाळण्याची यंत्रणा लहान डिझेल गाडीला इतकी महाग पडली, की मारुतीसारख्या कंपनीने डिझेल मोटारी बनवणेच थांबवले. म्हणूनच आज जो काटकसरी गृहस्थ किंवा छोटा व्यापारी डिझेलची गाडी शोधतो, तो बहुधा जुन्या गाडीकडे वळतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे भाग आहे. जुन्या डिझेलचा धूर ही केवळ काजळी नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराचा समावेश कर्करोगास निश्चित कारण ठरणाऱ्या पदार्थांत केला आहे. दिल्लीत घातली गेली तशी दहा वर्षांवरील डिझेल वाहनांना बंदी आपल्याकडे नाही. पण महाराष्ट्रात आठ वर्षांवरील व्यावसायिक आणि पंधरा वर्षांवरील खासगी वाहनांवर पर्यावरण कर आहे, आणि पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीचे पासिंग नव्याने करून घ्यावे लागते. ज्याची फेरी दिवसाला दहा-वीस किलोमीटरचीच आहे, त्याने डिझेलच्या मोहात पडू नये, असे माझे मत आहे. बाजार-गल्लीत अर्धवट तापलेले इंजिन सर्वांत घाण धूर सोडते, आणि वाचलेले पैसे नोझल-पंपाच्या दुरुस्तीतच जातात.

ज्याला घ्यायचीच आहे, त्याने एमएच १०, ११ की ५०, म्हणजे सांगली, सातारा की कऱ्हाड पासिंग, यावरून भाव ठरवणाऱ्या दलालांकडे दुर्लक्ष करून धुराकडे पाहावे. काळा धूर म्हणजे हवेची जाळी चोंदलेली किंवा नोझल जास्त डिझेल फवारणारे. हा दोष थोडक्यात निभावतो. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल खात आहे आणि लायनर-पिस्टनचा खर्च दाराशी उभा आहे. पांढरा धूर पहाटेच्या गारठ्यात क्षणभर दिसला तर क्षम्य. तापल्यावरही राहिला तर हेड गॅसकेटमधून पाणी शिरत असण्याची शंका घ्यावी. इंजिन चालू असताना तेलाचे झाकण उघडावे, तेथून धूर धापा टाकीत वर आला तर बोलणे पुढे नेऊ नये. आणि हे सर्व पाहण्यापूर्वी, विकणाऱ्याने चहाचा आग्रह चालवलेला असताना, बोलता बोलता इंजिनाच्या पेटाऱ्यावर सहज तळहात टेकावा. तो गरम लागला तर गाडी आपण येण्याआधीच कोणी तरी सुरू करून ठेवली होती. चहा घ्यावा, आणि उद्या पहाटे न कळवता परत यावे.