कानांसाठी लिहिलेला पाठ

सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील परितेवाडी हे गाव २०२० च्या डिसेंबरात जगाच्या नजरेस आले, ते तेथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ जाहीर झाले तेव्हा. पुरस्काराच्या दहा लक्ष डॉलरांपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटण्याचे ठरविले, या औदार्याची वार्ता सर्वतोमुखी झाली. मूळ कार्याचा तपशील मात्र मागे राहिला. पुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड छापावा आणि पालकांच्या मोबाइलने तो टिपताच कवितेचे गायन, गोष्ट वा चित्रफीत मुलासमोर यावी, अशी ती तजवीज होती.

परंतु या व्यवस्थेत शिक्षक बोलतो आणि मूल ऐकते. मुलानेच बोलावे, निवडावे, जुळवावे, ही पुढची पायरी. आणि सोलापुरी चादरीवर पॉडकास्ट करावयास घेतल्यावर आमच्या वर्गाला तिचे खरे मोल कळले.

यंत्रमागाच्या खडखडाटात माणसाचे बोलणे बुडून जाते. म्हणून मागाचा आवाज निराळा टिपावा, विणकराचे शब्द आतल्या खोलीत, खिडकीवर जाड चादर टाकून प्रतिध्वनी मोडून टिपावेत, आणि मागाहून दोन्ही एकत्र आणताना माग शब्दांच्या खाली दबता ठेवावा, एवढे मुलांनी स्वतःच्या कानांनी ठरविले. मागावरील जेकार्ड या नक्षीयंत्राची छिद्रे पाडलेली पुठ्ठ्याची पाने कोणता धागा उचलायचा हे सांगतात, आणि त्यावरून चादरीवर नक्षी उमटते; हे मात्र कितीही वर्णन केले तरी श्रोत्यास उलगडेना, तेव्हा तेथे छायाचित्र जोडले. चित्र कोठे अपरिहार्य आहे आणि कोठे केवळ शोभेचे, हा विवेक पाठ्यपुस्तकाच्या चार पानांतून शिकविता येईल, असे मला वाटत नाही.

सोलापूर हे मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषांचे शहर. विणकरांच्या पूर्वभागात तेलुगू घरोघर ऐकू येते. कांडी भरणाऱ्या एका आजी आपल्या कामाविषयी तेलुगूत बोलल्या, तेव्हा वर्गात क्वचितच तोंड उघडणारी एक मुलगी आपण होऊन दुभाषी झाली. ‘आजी म्हणतात, सूत तुटलं की बोटालाच आधी कळतं,’ असे तिने सांगितले, आणि मुलांनी एकमताने आजींचे मूळ शब्द आधी व तिचे मराठी नंतर ठेवले. घरची भाषा शाळेच्या दाराबाहेर ठेवून येणाऱ्या मुलांची संख्या आपल्या शहरात थोडी नाही. मराठीच्या तासिकांपैकी आठवड्याची एक तरी अशा कामासाठी राखून ठेवावी आणि मुलांनी विचारलेल्या प्रश्नांना गुण द्यावेत, अशी माझी शाळाचालकांना आग्रहाची विनंती आहे. त्यास लागणारे साहित्य म्हणजे एक मोबाइल आणि एक शांत खोली.